तुळईची अकरा मापं

४ एप्रिल

चि. ठमीस,

आशीर्वाद आहेतच, घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोन करत नाही, कारण फोनवर तू "बोला" म्हणतेस आणि त्यापुढे मला काही बोलता येत नाही. तीन वर्षांत आपले दहा-बारा फोन झाले असतील. त्यातले निम्मे तुझी जुनी प्रमाणपत्रं कुठल्या कपाटात आहेत याबद्दल होते.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते कुणाचे कुरकुरत नाहीत? प्रयोगशाळेत अजून दोन महिने, मग निवृत्ती. माझ्या जागी कुणी यायचं नाही. मापं आता यंत्र घेणार आहे. यंत्राला चहा लागत नाही, असं नवे साहेब म्हणाले. विनोद असावा असं समजून मी हसलो.

कामाचं लिहितो. परवा तुझ्या त्या शाळेच्या सभागृहाचे नकाशे इथे आले. छताची एक नमुना तुळई आमच्याकडे वजन टाकून तपासायची आहे. नकाशाच्या कोपऱ्यात सल्लागार म्हणून तुझं नाव छापलंय. चष्मा पुसून मी ते दोनदा वाचलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग तुळईची टोकं पाहिली. अठरा मीटरची तुळई आणि दोन्ही टोकं भिंतीत घट्ट चिणलेली. एका टोकाला सरकायला बोटभर जागा ठेवतात, ती कुठेच नाही. शेजारी टीप आहे की या मिश्रणाच्या तुळईला उष्णतेसाठी फट सोडण्याची गरज नाही.

मी काही इंजिनिअर नाही. एकतीस वर्षं डायल वाचली, एवढंच. पण जमलं तर एका टोकाला फट ठेवायला सांगशील का? त्यानं कुणाचं काही बिघडणार नाही. म्हाताऱ्याची शंका समज आणि सोडून दे. म्हणजे शंका सोडून दे, फट सोडायला विसरू नकोस.

तब्येतीला जप.

बाबा


१२ एप्रिल

चि. ठमीस,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेल्या साडेतीन ओळी. "शंकेला आधार काय? मोजमापं असल्यास पाठवावीत." पाठवावीत! तक्रार करायला मला तोंड नाही. तू आठ वर्षांची असताना खिडकी किती उंच आहे असं मी विचारलं, तू "बरीच" म्हणालीस, तेव्हा तुझ्या हातात टेप देऊन मीच म्हणालो होतो की अंदाज सांगू नकोस, माप सांग. आता ते माझ्याच अंगाशी आलंय.

तर ऐक. तुला माहीत आहे ते तुलाच सांगतो, कारण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता यायचं नाही.

आपली तुळई अजून पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे. पाच वर्षं चाललेला प्रयोग संपला, तरी तिला उचलायला कुणाला वेळ नाही. चार मीटर लांब, तुझ्या नकाशातल्याच मिश्रणाची, म्हणजे थोड्या सिमेंटऐवजी भट्टीची राख घातलेली. एक टोक पक्क्या टेकूवर, दुसरं लोखंडी रुळावर, म्हणजे उन्हानं लांब व्हायची झाली तर रूळ फिरेल आणि ती सुखानं लांब होईल. मधोमध वजनं टांगलेली आणि पोटाखाली डायल. तुळई केसाएवढी वाकली तरी काटा सांगणार.

नियम तुझ्या सरांनी घालून दिले होते. रोज सकाळी सातला माप, छप्पर तापायच्या आत. एका तुळईला एकच डोळा, कारण दोन माणसं एकच काटा दोन तऱ्हेनं वाचतात. शाईनं लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, खाडाखोड चालायची नाही. आणि सलग तीन दिवस माप चुकलं, की सगळा प्रयोग रद्द. तू दुसऱ्या गावी तुझ्या विद्यापीठात, तुळई माझ्या प्रयोगशाळेत, आणि मी दर शनिवारी तुला आकडे पाठवायचो. तुझी आई म्हणायची की तुम्हा बापलेकीला गप्पा मारायला चार मीटरचा दगड लागतो.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते अकरा दिवस आले. भिंतीवरच्या तापमानाच्या यंत्राची पेन्सिल सकाळी सातलाच सदतीस दाखवत होती आणि डायलचा काटा जागचा हलत नव्हता. भट्टीत ठेवलेले लहान तुकडे चारचौघांसारखे प्रसरण पावत होते, पण ओझं घेतलेली तुळई मात्र ढिम्म. हे असं का, यावर तू चाळीस पानं लिहिलीस. त्यावर तुला डॉक्टरेट मिळाली. ती पानं मी वाचली आहेत. कळली नाहीत, पण भाषा छान आहे.

आता आधार. त्या दिवसांत आपल्या तुळईवरचे पत्रे बदलायला काढले होते. वर उघडं आभाळ. हे तुला कुणी सांगितलं होतं का? मला वाटतं, नाही. सकाळी सहापासून ऊन थेट तुळईच्या पाठीवर पडत होतं आणि पोट गार होतं. पाठ तापली की लांब होते, पोट तेवढंच राहतं, मग तुळई मांजरासारखी पाठ वर काढते. काटा तीस-चाळीस घरं मागे यायला हवा होता. माझ्या वहीत तो दोन घरंसुद्धा आलेला नाही.

मला वाटतं, त्या दिवसांत डायलचा काटा अडकला असावा. जुनी डायल होती. तू तसं लिहून दे आणि नकाशात फट ठेवायला सांग. तुझ्याकडे बोट जाणार नाही. खापर डायलवर फुटेल, नाहीतर माझ्यावर. मी दोन महिन्यांत जातोच आहे.

बाबा


२१ एप्रिल

चि. ठमीस,

तुझ्यापुढे मी हात टेकले. तू लिहितेस की अडकलेला काटा एकच आकडा दाखवतो, आणि तुमचे आकडे तर एखाद्या घरानं पुढे-मागे होतात. हलणारा काटा अडकलेला नसतो. म्हणजे एकतर तुळई खरंच वाकली नाही, नाहीतर, असं म्हणून तू वाक्य तिथेच सोडलंस. आणि खाली पेनानं, तुझ्या अक्षरात: "आई गेली त्या सकाळीही सात वाजता तुम्ही तुळईपाशीच होतात. ते मी विसरलेले नाही."

तुझं अर्धं वाक्य मी पूर्ण करतो. नाहीतर बाबांनी तुळई पाहिलीच नाही.

अकरा दिवस मी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेलं नाही. मी हॉस्पिटलात होतो. तिथून प्रयोगशाळेत जायचं म्हणजे दोन बस आणि दीड तास, तेवढाच वेळ परत यायला. पहिल्या दिवशी मी निघालोही होतो. थांब्यावर उभा राहिलो, बस आली, चढलो नाही.

तुझी आई कशी होती तुला माहीत आहे. अंगात ताप, हाताला सुई, आणि डोळा उघडला की पहिला प्रश्न तुळईचा. "गेला होतात का? किती?" तुझं वर्ष वाया जाईल याचाच तिला घोर. तुलाही कळवू देत नव्हती, आत्ता तिचं प्रबंधाचं काम चालू आहे, उगाच धावत येईल, असं म्हणायची. मी नाही म्हणालो असतो तर तिनं मला हाकललं असतं. म्हणून मी म्हणालो, जाऊन आलो, तू झोपली होतीस. अकराशे बेचाळीस.

ती म्हणाली, "कालच्याइतकंच? बरी आहे म्हणायची."

दुसऱ्या दिवशी अकराशे त्रेचाळीस सांगितलं. तिला पटेल असं सांगायचं होतं. आणि मला पटेल असंही, कारण चार वर्षं रोज पाहिलेली तुळई, ती कुठल्या सकाळी काय म्हणेल हे मला झोपेतही सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी परत बेचाळीस. ती आकडा ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा झोपायची. नर्सबाईंना वाटायचं की आम्ही तिच्या तापाबद्दल बोलतोय. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन समजावलं की ताप अकराशे नसतो, काका.

माझ्या आयुष्यात मी तेवढं एकच खोटं इतक्या नेमानं बोललो. खिशातल्या एका चिठ्ठीवर आकडे लिहून ठेवत होतो, म्हणजे उद्या काल काय सांगितलं याचा घोळ नको. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की मुलीला बोलवा. तेव्हा तुला फोन केला. अकराव्या दिवशी सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना ती गेली आणि तू संध्याकाळी पोचलीस.

त्यानंतर दोन दिवस घरी होतो. चौदाव्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो, त्याचाही तुला राग आला होता. गेलो ते वहीसाठी. वही उघडली. बारावा आणि तेरावा दिवस कोराच ठेवावा लागणार, मी घरी होतो हे तुला माहीत होतं. दोन कोरे चालतात. तीन झाले असते तर चार वर्षं पाण्यात. म्हणून अकरावा दिवस भरावाच लागला, ठमे. चिठ्ठी समोर ठेवून दहा आकडे उतरवले आणि अकरावा तिला सांगायचाच राहिलेला आकडा मी मनानं लिहिला. सही केली, शाई वाळली, मग मान वर केली, तर वर नवे कोरे पत्रे चमकत होते. रखवालदार म्हणाला की नऊ दिवस वर काही नव्हतं, ठेकेदारानं रखडवलं. यंत्राचा कागद सोमवारी तो इमानानं बदलत होता. त्यामुळे तापमान खरं आणि तुळई खोटी, अशी तुझ्या हातात पडली.

तेव्हाच अकरा रेघा मारून अकरा सह्या करायला हव्या होत्या. मी नाही केल्या. महिन्याभरानं तू वही पाहिलीस, ती तारीख पाहिलीस, आणि विचारलंस की त्या सकाळी तुम्ही तुळईपाशी होतात? मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो, तर तुझा प्रयोग गेला असता. तू माझं तोंड पाहायचं बंद केलंस आणि डॉक्टरेट घेतलीस. मला वाटलं, सौदा वाईट नाही. तुझी चाळीस पानं आली, तेव्हा मला कळलं की माझ्या अंदाजाला तू कारण शोधून दिलंयस. पण तोवर तुझं अभिनंदन झालं होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं.

आता त्या तुळईखाली मुलं खेळणार. अठरा मीटर आहे. उन्हाळ्यात चार-पाच मिलिमीटर तरी लांब होईल, आणि जागा मिळाली नाही तर भिंतीला ढकलेल. म्हणून लिहिलं. नाहीतर मी हे माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो, तेवढा मी निगरगट्ट आहे.

वहीच्या त्या पानांवर काल अकरा रेघा मारल्या. छायाचित्रं सोबत आहेत. त्या सकाळी मी तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत होतो. तुळईपाशी नव्हतो. एवढं तरी तुला कळावं.

बाबा


३ मे

प्रिय ठमे,

पाच पानं! आणि हातानं लिहिलेली. रखवालदारानं पाकीट आणून दिलं तेव्हा त्याच्यासमोर उघडलं नाही. स्टोअररूममध्ये सिमेंटच्या पोत्यावर बसून वाचलं.

नकाशे थांबवलेस, हे उत्तम केलंस. तुझा तो चाळीस पानांचा लेख मागे घ्यायला तू स्वतःहून लिहिलंस, तेही त्यांनी विचारायच्या आत. विद्यापीठ तुझ्या पदवीचं काय करेल ते जूनमध्ये कळेल, आणि नोकरीचं त्यानंतर. हे तू इतक्या सरळ लिहितेस, जसं काही बस चुकली. मी ते वाक्य बऱ्याचदा वाचलं. मी बिघडवलेलं आहे ते. माफी मागून ते भरून येणार नाही, तरी मागतो. तुझ्या चौकशी समितीसमोर माझं लेखी निवेदन जाईल, त्यात डायलचं नाव नसेल.

ते अकरा दिवस सोडून उरलेली मापं खरी आहेत, त्यावर पुन्हा काही उभं करता येईल, असं तू म्हणतेस. येईल. त्यातला प्रत्येक आकडा माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पण तुझी शेवटची दोन पानं त्याबद्दल नाहीत. तू लिहिलंयस की तीन वर्षं मी तुम्हाला दगड समजत होते आणि तुम्ही तिच्याजवळ होतात. तू माझी क्षमा मागितलीस. आणि विचारलंस, "बाबा, शेवटी ती काय बोलली? माझ्याबद्दल काही म्हणाली का? आता तरी सांगा."

याचं उत्तर मी चार दिवस लिहितोय.

पहिल्या दिवशी एक वाक्य लिहिलं. "ठमीला सांगा, मी वाट पाहिली, पण रागावले नाही." वाचून पाहिलं. अगदी तिचं वाक्य. तिच्या तोंडी शोभेल असं, तुला हवं असलेलं, आणि मलाही पटणारं. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढली, ती कुठल्या सकाळी काय म्हणेल हे मला झोपेतही सांगता येईल. कागद पाकिटात घातला. पत्ता लिहिला. मग पाकीट फाडलं.

तुळईपाशी होतो असं मी तुला म्हणालो, ते तुझ्या डॉक्टरेटसाठी, असं मागच्या पत्रात लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. तुळईपाशी होतो म्हटलं की माणूस कठोर ठरतो. कठोर ठरायला माझी हरकत नव्हती. दुसरं जे होतं ते मला सांगवत नव्हतं, आणि तुझ्या प्रश्नानं मला एक सोपी वाट दिली. मी ती घेतली.

दहाव्या दिवशी तुला फोन करून आलो तेव्हा ती जागी होती. ठमी निघाली आहे असं सांगितलं. ती डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत राहिली. झोपतच नव्हती. मला म्हणाली, "तुम्ही जरा पडा, मी आहे." मी म्हणालो, मी जागा आहे. पहाटेपर्यंत होतो. तिचा हात माझ्या हातात होता. अकरा दिवस खुर्चीत काढले होते. पाय सुजले होते, हे कारण नाही, फक्त सांगतो.

मला जाग आली ती नर्सबाईंनी खांद्याला हात लावल्यावर. खिडकीतून ऊन आलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, उठा. बाई गेल्या." मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या की माहीत नाही, मी फेरीला आले तर अशा होत्या. सातला दहा कमी ही वेळ त्यांनी मला उठवलं त्याची आहे. तिची खरी वेळ कुणालाच माहीत नाही. हात माझ्या हातात नव्हता. तो माझ्या बाहीवर होता आणि बाही मुठीत धरलेली होती.

तिनं मला हाक मारली का, ते माहीत नाही. तुझं नाव घेतलं का, तेही माहीत नाही. ठमे, ती काही बोलली असेल, तर ते ऐकायला कुणी जागं नव्हतं.

बाबा